हौश्याच्या जोडीला डबी

मेडशीचे जानराव अकोल्याला बैल आणायला गेले आणि मोटार घेऊन परत आले. गावात ही गोष्ट पुढे कैक वर्षं सांगितली जायची, आणि सांगणारा त्यात आपल्या पदरचं चिमूटभर घालायचाच. जानरावांना मात्र पदरचं काही घालावं लागत नसे. पारावर बसून ते सुरुवातच अशी करत, "मी बावा लहानपनापासून हुशार. हुशार नसतो तं येवढं झालंच नसतं."

तर तो एकोणसाठ सालचा श्रावण. आखाडात जानरावांचा नवश्या बैल साप चावून गेला आणि गोठ्यात एकटा हौश्या उरला. हौश्या-नवश्या ही घरची जोडी, दोघंही त्याच गोठ्यात जन्मलेले. हौश्या अगदी लहान असताना त्याची आई गेली, तेव्हा जानरावांच्या बायकोनं, गोजराबाईनं, फडक्याची बोंडी दुधात बुडवून त्याला पाजलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. हौश्याला ती बैल म्हणायची, पण हाक मारताना तिचा आवाज बैलाला मारायच्या हाकेसारखा नसायचा, हे जानरावांना ठाऊक होतं.

आता मेडशीच्या पोळ्याची एक रीत होती. आखरावर, म्हणजे गावाबाहेर जिथे गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं. सगळ्या जोड्या रांगेनं उभ्या करायच्या आणि पहिली जोडी तोरणाखालून जाऊन ते तोडणार. हा पहिला मान जानरावांच्या घराचा, आजापासूनचा. पण जोडी घरच्या गोठ्यातली पाहिजे, उसनी चालत नाही. दोघं खांद्याला खांदा लावून एका पावलानं गेले पाहिजेत. एकट्या बैलाला रांगेत जागा नाही. आणि मानाची जोडी एकदा चुकली की मान मागच्या जोडीकडे जातो, तो पुन्हा परत येत नाही. मागची जोडी होती पुंजाजीची. पुंजाजी म्हणजे जानरावांचा चुलतभाऊ, वयानं लहान, तोंडानं मोठा.

गोजराबाईला मानाचं तितकं नव्हतं. तिला हौश्याचं होतं. "तो थकला आता," ती म्हणाली. "पुढचा पोळा पाहीन का नाई, देव जाने. या येका डाव त्याच्या शिंगाले मखर बांधू द्या, मंग मी काईच मांगनार नाई. जा, अन् त्याच्यासारखा बैल पाहून आना."

जानराव गेले. अकोल्याच्या बाजारात त्यांनी बैल पाहिले नाहीत असं नाही. पण ऐन श्रावणात कामाचा बैल कोण विकतो? जो विकायला काढलेला असतो त्याच्यात काहीतरी खोट असते, आणि खोट ओळखण्यात जानराव पटाईत. एकाचं वशिंड पडलेलं, एक लाथाड, एकाच्या पाठीवर भोवरा नको तिथे. शेवटी दमून ते आपल्या कापसाच्या अडत्याकडे चहा प्यायला गेले, आणि तिथे अंगणात ती उभी होती.

पिवळट रंगाची, सगळे कोपरे गोल, दोन डोळे पुढे. उंचीला बैलाच्या वशिंडाइतकी. जानरावांना प्रथम वाटलं, कोणीतरी चुन्याची डबी फार मोठी केली आहे. तिच्याजवळ नाकामुरा नावाचे जपानी गृहस्थ उभे होते. कापूस खरेदीच्या निमित्तानं ते येऊन-जाऊन अकोल्यात असायचे, ही मोटार त्यांनी जपानहून आणवली होती, आणि आता ते कायमचे परत निघाले होते. अडत्याचा मुनीम मधे बसून त्यांचं इंग्रजी वऱ्हाडीत करून देत होता.

त्या तासाभरात जानरावांनी जे ऐकलं त्यानं त्यांचं डोकं फिरलं. नाकामुरांचा थोरला भाऊ लढाईत विमानाच्या कारखान्यात होता. जपान लढाई हरला आणि त्याला विमानं करायची बंदी झाली. आभाळात उडणारी वस्तू करणारे हात एकदम रिकामे. त्यांनी मग काही दिवस घरगुती भांडीकुंडी केली, पुढे स्कूटरी केल्या, आणि शेवटी अशा मोटारी करायला लागले. सरकारनं सांगितलं होतं, मोटार इतकीच लांब, इतकीच रुंद आणि इंजिन एवढंच लहान ठेवाल तर कर कमी घेऊ. मग त्या विमानवाल्यांनी डोकं लढवलं. विमानाला जसं आतून वेगळं हाड नसतं, पत्राच हाड आणि पत्राच कातडं, तशीच ही केली. पत्रा इतका पातळ की टिचकी मारली तर वाजतो. छप्पर तर पत्र्याचं नाहीच, काचेच्या धाग्यांचं. त्यामुळे अख्ख्या मोटारीचं वजन एका मोठ्या बैलाएवढं, आणि तरी आत चार माणसं बसणार.

"म्हन्जे येवढी मोठी गोष्ट हातातून गेली," जानराव मुनिमाला म्हणाले, "अन् त्याइनं लहान गोष्ट केली. पन जीव लावून केली."

हे बोलताना त्यांना नवश्या आठवला. त्यांनी मान वळवून मोटारीच्या चाकाकडे पाहिलं. परातीएवढं चाक होतं.

त्यानंतर जे झालं ते केवळ सवयीनं झालं. जानराव उठले आणि मोटार पाहू लागले, म्हणजे त्यांना जसं पाहता येत होतं तसं. वाकून पायाकडे पाहिलं. पाठीवरून हात फिरवला. पुढचं झाकण उघडून दात मोजावेत तसे आत डोकावले, तर आत इंजिनच नाही. इंजिन मागे. नाकामुरांनी मागचं झाकण उघडून दाखवलं. लहानशी दोन नळकांडी, सोळा घोड्यांची ताकद, पाणी-बिणी काही लागत नाही, एक पंखा मागच्या फटींतून वारा ओढतो आणि त्यावरच ती थंड राहते. तेलाची वेगळी टाकी नाही, पेट्रोलातच थोडं तेल मिसळून घालायचं. मुनीम म्हणाला, "साहेब सांगून राह्यले, ते मांगून श्वास घेते."

जानरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, नाकामुरांचा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि आतून बोटं दाबली. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं कोणी बोलत नाही, बोटं बोलतात. नाकामुरांना वाटलं ही इकडची निरोप घ्यायची रीत असावी. सभ्य माणूस, त्यांनीही सगळी बोटं दाबली आणि कमरेतून वाकले. मुनीम ओरडला, "अरे बाप्पा! सौदा झाला!"

मोटार विकायची आहे की नाही हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मुनिमानं ते नंतर विचारलं. नाकामुरा आधी गोंधळले, मग पोट धरून हसले, आणि खरोखरच देऊन टाकली. बैलाचे पैसे गेले, वर पुढच्या कापसावर अडत्यानं भर घातली. जानराव म्हणायचे, "त्या दिवशी माह्या बोटाइनं जे केलं ते माह्या डोक्याले दुसऱ्या दिवशी समजलं."

अडत्याच्या ड्रायव्हरनं त्यांना दोन दिवस चालवायला शिकवलं. पातूरच्या घाटात जानरावांनी मोटारीला पुचकारलं, चढावर "हिर्र" केलं आणि उतारावर चाक दोन्ही हातांनी छातीशी ओढून "हो, हो, हो!" म्हणत राहिले. ड्रायव्हर पाय दाबायला सांगत होता. ओढणं आणि दाबणं यातला फरक त्यांना घाट संपल्यावर कळला. घाटाखाली ड्रायव्हर उतरला आणि एसटीनं परत गेला. जाताना त्यानं मोटारीला नमस्कार केला की जानरावांना, ते समजलं नाही.

मेडशीत शिरल्यावर मागे कुत्री, त्यांच्यामागे पोरं आणि त्यांच्यामागे निळा धूर अशी मिरवणूक घरापर्यंत आली. गोजराबाई ओट्यावर उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि कुंकवाची वाटी, नव्या बैलाला ओवाळायला. मोटारीची दारं उलटी, पुढून उघडणारी. जानराव उतरायला गेले तर धोतर अडकलं आणि ते बायकोच्या पायाशीच आले.

गोजराबाईनं रस्त्याकडे पाहिलं. "बैल मांगून येऊन राह्यला का?"

"बैल..." जानराव उठत म्हणाले. "गोजरा, आधी तू बैस. ही जपानची हाये."

तिनं बसून घेतलं नाही. ती मोटारीभोवती एक फेरी मारून आली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून जानरावांना आपण काय केलं ते पहिल्यांदा नीट दिसलं. "मी येक बैल मांगतला होता," ती म्हणाली. "हे तुमची डबी घेऊन काय करू? हौश्याच्या बाजूनं हे उभी करू?"

ती आत गेली. भाकरीचा तुकडा हौश्याला मिळाला. त्या दिवसापासून मोटारीचं नाव डबी पडलं.

पण जानराव मुळात न खचणारा माणूस. खचायला जेवढं डोकं लागतं तेवढं आपल्याला नाही, असं तेच म्हणत. बायकोच्या तोंडून रागानं निघालेलं वाक्य त्यांच्या मनात घर करून बसलं. हौश्याच्या बाजूनं हे उभी करू? का नाही? घरच्या गोठ्यातली आहे, कारण आता ती गोठ्यातच उभी असते. वजनाला बैलाएवढी, उंचीला बैलाएवढी. जोडी म्हणजे दोन.

पंधरा दिवस त्यांनी गावाला दुसरं काही बोलू दिलं नाही. शिरपूरला दर्शनाला जाणाऱ्या जैन यात्रेकरूंची एसटी फाट्यावर थांबली की जानराव तिथेही मोटारीचं मागचं झाकण उघडून उभे. विमानवाले कसे हरले, पत्राच हाड कसं झालं, आणि हे पाहा, हे तिचं नाक. "मांगून श्वास घेते ते," ते दोन्ही हातांनी फटी दाखवत. "या फटीवर हात जरी ठेवला तं जीव गुदमरते तिचा. वारा पायजे, वारा!" धनसिंग, त्यांचा सालदार गडी, हे इतक्यांदा ऐकून बसला होता की हौश्याला पाणी पाजतानाही म्हणायचा, वारा पायजे, वारा. पेट्रोलात तेल घालताना गोजराबाईनं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "मोहरी राह्यली. फोडनी पुरी करून घ्या."

पोळ्याच्या आठवडाभर आधी पारावर बैठक झाली. पुंजाजी तयारीनं आला होता.

"भाऊ, येक सांग," तो म्हणाला. "तुह्या डबीत ताकद कायची हाये म्हन्तो तू?"

"सोळा घोड्याची," जानराव छाती काढून म्हणाले.

"आयकलं का रे?" पुंजाजी सगळ्यांकडे वळला. "घोडे हायेत म्हन्ते. मंग हा पोळा हाये का टांग्याचा अड्डा?"

जानराव उभे राहिले तसे बसले. हसणं ओसरेपर्यंत तेही हसत राहिले. मग म्हणाले, "पुंजा, घोडे आत हायेत. बाहेरून ते हौश्याची जोडीदारीन हाये. तुह्या पोटात तरी काय काय हाये, आमी पाहाले जातो का?"

यावरही लोक हसले. गावाला कोण बरोबर यापेक्षा पोळ्याला काय पाहायला मिळेल याची जास्त काळजी होती. पोलीस पाटलांनी मान हलवून निवाडा दिला. उभं राहू द्या. पण पोळा तो पोळा, डबी बैलासारखी सजली पाहिजे. घुंगरमाळ पाहिजे, झूल पाहिजे, आणि हौश्यासंगं एका पावलानं तोरणाखालून गेली पाहिजे. थांबली, मागे राहिली, पुढे पळाली तर मान पुंजाजीचा.

"मंजूर," जानराव म्हणाले, आणि घरी येईपर्यंत घामानं भिजले.

सराव सुरू झाला. धनसिंग हौश्याला धरून चालायचा, बाजूनं जानराव डबी पहिल्या गिअरात गोगलगायीसारखी सोडायचे. पहिल्या दिवशी हौश्यानं धुराकडे पाहून अशी शिंक दिली की समोरची काच रंगली. दुसऱ्या दिवशी तो तिला हुंगायला लागला. पुढे पुढे एक अजब झालं. नवश्या गेल्यापासून हौश्या गोठ्यात एका बाजूला अंग चोरून उभा राहायचा, उजवीकडची जागा रिकामी ठेवून. आता त्या जागी डबी उभी असायची, आणि सरावाहून आल्यावर ती कोमट असायची. एका सकाळी गोजराबाई गोठ्यात गेली तर हौश्या डबीच्या पत्र्याला अंग टेकून उभा होता, आणि पत्रा त्याच्या श्वासाबरोबर टकटक वाजत होता. ती बराच वेळ दाराशी उभी राहिली. त्या दिवशी जानरावांना भाकरीबरोबर ठेचा तिनं आपण होऊन वाढला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळताना, खांदशेकणी. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांच्या खांद्याला लोणी-हळद कढवून पळसाच्या पानानं चोळायची आणि त्यांच्या कानाशी उद्याचं बोलावणं द्यायचं. गोजराबाईनं हौश्याचा खांदा हळूहळू शेकला. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

जानराव डबीजवळ आशेनं उभे होते. "अन् इले?"

"इले मी आवतन नाई देनार," गोजराबाई म्हणाली. "हे जेवत नाई, हे फोडनी पिते. तुमीच द्या तिले."

जानरावांनी दिलं. बायको आत गेल्याची खात्री करून घेतली आणि उरलेलं लोणी-हळद डबीला चोळलं. खांदा कुठला हे ठरेना. बैलाची ताकद खांद्यात, डबीची ताकद मागे, म्हणजे हिचा खांदा मागेच. त्यांनी मागच्या झाकणाला, फटींच्या काठाकाठानं, मनापासून लोणी लावलं. पळसाच्या पानानं चोळताना पुटपुटले, "माय, उद्या येक डाव माही लाज राख."

पोळ्याचा दिवस उजाडला. हौश्याच्या शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठसे, आणि डोक्यावर ते मखर, लाकडाचं, कागदी फुलांनी मढवलेलं, जे जानरावांच्या आजानं करून घेतलं होतं. म्हातारा बैल मखर चढताच असा ताठ उभा राहिला की गोजराबाईनं पदर तोंडाला लावला. डबीला पुढच्या डोळ्यांभोवती काजळाच्या रेघा, गळ्यात घुंगरमाळ. राहिली झूल. नवश्याची झूल पेटीतून गोजराबाईनंच काढली. लाल खादी, आरसे बसवलेली, कडेनं कवड्या. तिच्या हातची. क्षणभर ती तिच्या हातातच राहिली, मग तिनं ती नवऱ्याला दिली.

जानरावांचं मन भरून आलं. त्यांनी ती झूल डबीच्या पाठीवर, मागच्या काचेपासून खाली चाकापर्यंत नीट अंथरली, चारही बाजूंनी ओढून घेतली, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून सुतळीनं घट्ट बांधली.

धनसिंग म्हणाला, "मालक, वारा..."

"उडनार नाई," जानराव म्हणाले. "पक्की बांधली."

आखरावर अख्खं गाव होतं. डफडी, सनई, गुलाल. मानाची जोडी सगळ्यांच्या पुढे, हौश्या आणि त्याच्या उजवीकडे डबी. आता पूजा व्हायची, मग झडत्या म्हणायच्या. झडती म्हणजे पोळ्यात एकमेकांना चिमटे काढत ओरडून म्हणायचे दोहे. तोवर इंजिन बंद केलं आणि ऐन वेळी सुरू झालं नाही तर? या भीतीनं जानरावांनी ते चालूच ठेवलं. पुंजाजीनं हात वर करून झडती टाकली:

"बैल आनाले गेला भाऊ, घेऊन आला डबी,
शिंग नाई, शेपूट नाई, चारा खाईन कधी?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

गाव महादेवाचं नाव घेत खदाखदा हसलं. डबीतून जानरावही हसले. गुदगुल्या झाल्यासारखं अंग हलत होतं, तेव्हा त्यांना वाटलं आपणच हसतोय. नंतर लक्षात आलं, इंजिन थरथरतंय. कुठून तरी तुपाचा खमंग वासही येत होता. पुरणपोळ्यांचा असेल, त्यांना वाटलं.

पोलीस पाटलांनी हात केला. डफडी कडाडली. धनसिंगानं हौश्याला पुढे घेतलं, जानरावांनी डबी सोडली, आणि दोघं खरोखरच एका पावलानं निघाले. लोक टाचा उंचावून पाहू लागले. इतकं सुंदर दिसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. म्हातारा पांढरा बैल आणि लाल झूल घातलेली पिवळी डबी, घुंगरं दोन्हीकडे वाजताहेत. तोरण दहा हातांवर आलं. पाच हातांवर आलं.

आणि डबीनं एक लांब उसासा टाकला, कुठंतरी आत कुरकुरली, आणि थांबली.

हौश्या अर्धं पाऊल पुढे गेला होता. त्यानं मान वळवून पाहिलं, ते अर्धं पाऊल मागे घेतलं, आणि तोही थांबला.

जानरावांनी बटण दाबलं, पाय आपटले, सगळे देव आठवले. बाहेर धनसिंग हौश्याची वेसण ओढत होता, पण बैल जागचा हलेना. जोडीदार बसला की बैल पुढे जात नाही, त्याला तसंच वळण लावलेलं असतं, आणि ते वळण जानरावांनीच लावलं होतं. गर्दीतून हसू उठलं. मागे पुंजाजीची जोडी फुरफुरत होती.

जानराव उतरले. दारानं धोतर धरलं, त्यांनी ते फाडून सोडवलं आणि मागे धावले. झुलीखालून धग येत होती. सुतळी तोडून त्यांनी झूल ओढली, तसा फटींतून तापलेला, जळक्या लोण्याचा भपकारा तोंडावर आला. पंधरा दिवस ज्या फटी गावाला, परगावाला, यात्रेकरूंना दाखवल्या, ज्यांच्यावर हात ठेवू नका म्हणून घसा कोरडा केला, त्याच फटी त्यांनी आधी लोण्यानं लिंपल्या होत्या आणि मग झुलीनं झाकल्या होत्या. तिचं नाक त्यांनी स्वतःच्या हातानं दाबलं होतं. धनसिंग त्यांच्याकडे पाहत होता. तो काही बोलला नाही, याचे जानरावांनी जन्मभर उपकार मानले.

त्यांनी गर्दीकडे पाहिलं. बायकांच्या घोळक्यात गोजराबाई उभी होती. ती रागावलेली नव्हती. ती फक्त हौश्याच्या मखराकडे पाहत होती, शेवटचं पाहावं तसं. जानरावांना ते सहन झालं नाही.

पुंजाजी ओरडला, "सरा बाजूले! जोडी मोडली!"

"कोन म्हन्ते मोडली?" जानराव ओरडले. हातातली झूल त्यांनी स्वतःच्या पाठीवर टाकली. डबीच्या गळ्यातली घुंगरमाळ ओढून आपल्या गळ्यात घातली. मग हौश्याच्या उजव्या बाजूला, नवश्याच्या जागी, जाऊन उभे राहिले, कमरेतून वाकले आणि आपला खांदा त्याच्या खांद्याला लावला.

"चाल, बेटा," ते हळूच म्हणाले. "मी हाओ."

हौश्यानं त्यांना हुंगलं. हाताला लोणी-हळदीचा वास होता, अंगावर नवश्याची झूल होती. त्यानं कान हलवले आणि पाय उचलला. जानरावांनी पाय उचलला. एक पाऊल, दुसरं पाऊल. आखरावर कुणी हसत नव्हतं. तोरणाशी आल्यावर हौश्याचं मखर पानांत घुसलं आणि एक बाजू तुटली. दुसरी बाजू तशीच लोंबकळत राहिली, कारण वाकलेले जानराव तिच्या पुष्कळ खालून चालले होते.

"जोडीनं तुटलं पायजे!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग पन्नाशीतल्या जानरावांनी, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, धोतर फाटलेलं, अशा थाटात उडी मारली आणि तोरणाची उरलेली बाजू डोक्यानं तोडली. आंब्याची पानं फेट्यावर तशीच राहिली.

मग पुंजाजीचाच आवाज आला, आणि तो नेहमीसारखा टोचरा नव्हता:

"सोळा घोडे थकले भाऊ, झाली त्याइची दैना,
जानराव जुपला जोडीले, मान कोठी जाईना!
एक नमन गौरा पारबती..."

"हर बोला हर हर महादेव!" सगळं आखर गरजलं. पुंजाजीनं पुढे येऊन आधी हौश्याच्या आणि मग जानरावांच्या कपाळाला गुलाल लावला. "घरचीच जोडी हाये भाऊ," तो म्हणाला. "माही हरकत नाई."

जोडी मारुतीचं दर्शन घेऊन घरी आली. जानरावांना झूल उतरवायची होती, पण लोक उतरवू देईनात. दाराशी गोजराबाई पाण्याचा तांब्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन तयार. तिनं हौश्याचे पाय धुतले, खांद्यावर हात फिरवला, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. तिची बोटं त्याच्या खरखरीत जिभेनं ओली झाली.

जानराव बाजूनं सटकायला निघाले.

"थांबा," ती म्हणाली. "पाय पुढं करा."

"अवो, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. जोडी हाये. येकाचेच पाय धुतले तं दुसऱ्याले राग येते." तिनं त्यांच्या चिखलानं भरलेल्या पायांवर पाणी ओतलं. मग कपाळाला कुंकू लावलं. "तुमचं आवतन काल राह्यलं," ती कानाशी हळूच म्हणाली. "आज देतो मी. या जेवाले."

जानरावांनी पोळीसाठी हात पुढे केला, तर तिनं ताट मागे घेतलं आणि घास करून स्वतः त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आखराकडून भकभक आवाज आला. डबी निवली होती. तिचं नाक पुसून, सरावात पाहून पाहून शिकलेला धनसिंग ती हळूहळू घरी आणत होता, मागे कुत्री आणि निळा धूर. हौश्यानं कान टवकारले.

"गोजरा," जानराव तोंडातला घास सांभाळत म्हणाले, "पुढच्या पोळ्याले मी खराखुरा बैल आनतो. आनभाक घेतो. मंगरूळच्या बजारात जातो, इकडं तिकडं पाहत नाई."

गोजराबाईनं त्यांच्या फेट्यावरचं आंब्याचं पान काढलं, झूल त्यांच्या खांद्यावर सरळ केली आणि दुसरा घास केला.

"बजारचा कायले?" ती म्हणाली. "घरचाच बरा हाये."